वहिवाट आधी, नकाशा नंतर

वास्तुरचना, वस्तुरचना, दृश्यसंकल्पन किंवा नगररचना यांपैकी एखादी विद्या संपादन केल्यावर, आपले कौशल्य केवळ दुकानांच्या दर्शनी भागांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत खर्ची न पडता वस्तीतील माणसांच्या उपयोगी यावे, अशी इच्छा बाळगणारे तरुण-तरुणी आज आपल्या शहरांत बऱ्याच संख्येने आढळतात. कुणाला पालिकेच्या दवाखान्यातील केसपेपरच्या खिडकीपुढची गर्दी कमी करायची असते, कुणाला अंगणवाडीची खोली मुलांना रुचेल अशी करायची असते, कुणाला सार्वजनिक नळ, कुणाला शौचालय, तर कुणाला शिधापत्रिकेच्या अर्जाचा क्लिष्ट नमुना सुधारायचा असतो. ही इच्छा स्तुत्य आहे यात संशय नाही. परंतु अशा कामात सदिच्छेने जितके घडते त्याहून अधिक, कामाचा क्रम चुकल्यामुळे बिघडते, आणि म्हणून त्या क्रमाविषयी काही व्यावहारिक सूचना येथे मांडण्याचे योजिले आहे.

या लेखाचे सांगणे थोडक्यात असे की, लोकोपयोगी वास्तू किंवा सेवा यांच्या बाबतीत रचनेचा खरा विषय त्या वस्तूभोवती दररोज चालणारी वहिवाट हा असतो. कोण केव्हा येणार, झाडलोट कोण करणार, किल्ली कुणापाशी राहणार, विजेचे बिल कशातून भागणार, मोडतोड झाली तर तक्रार कुणाकडे नेणार, या प्रश्नांची उत्तरे ज्यांना ती वस्तू रोज वापरायची आहे त्यांच्याशी बसून आधी ठरली, म्हणजे नकाशाचा बराचसा भाग त्या उत्तरांतूनच उतरतो. ती न ठरविता काढलेला नकाशा मात्र, कागदावर कितीही सुबक दिसो, पहिल्या सहा महिन्यांत कुलूपबंद होण्याच्या मार्गाला लागतो.

उदाहरणादाखल येथे मुख्यतः सार्वजनिक शौचालय घेतले आहे. जात, स्त्रीची लज्जा, पाणी, पैसा, जमिनीची मालकी आणि पालिकेचे दप्तर या साऱ्या गोष्टी त्या आठ-दहा खणांच्या इमल्यात एकत्र येतात, आणि ज्याला तेथे लोकांबरोबर काम करणे साधले त्याला दवाखाना किंवा वाचनालय अवघड वाटू नये.

पूर्वसूरींचा धडा

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि ती जाणून घेणे हा अभ्यासाचाच भाग मानावा. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेत, दिवसभर गाव झाडीत, आणि रात्री त्याच गावकऱ्यांपुढे कीर्तनाला उभे राहून त्यांना साध्यासाध्या प्रश्नांनी बोलते करीत. आधी काम, मग प्रश्न, आणि उपदेश असलाच तर तो श्रोत्यांच्या उत्तरांतूनच निघालेला, हा त्यांचा क्रम आजच्या रचनाकारालाही जसाच्या तसा उचलता येण्याजोगा आहे.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकामाचा प्रश्न आपल्या अंगावर घेतला. रत्नागिरीच्या तुरुंगात, जातीने ज्यांच्या माथी मारले गेले होते ते सफाईचे काम आपणासही करू द्यावे, यासाठी १९३२ साली त्यांनी उपोषण आरंभिले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, मैल्याचे खत व्हावे व ताजा मैला कोणाही मनुष्याला हाताळावा लागू नये, अशा संडासांचे प्रयोग केले. येथे रचना आणि सामाजिक न्याय या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्या नाहीत. भांड्याचा उतार आणि खड्ड्याची जागा ठरविताना, या जागेची सफाई कोण करणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे सतत उभा होता.

त्यांच्याच कार्याचा धागा पुढे देहूला डॉ. मापुसकरांनी पकडला. १९६० च्या सुमारास तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या या डॉक्टरांनी ठरावीक नमुन्याबरहुकूम बांधविलेली पहिली शौचालये पावसाळ्यात टिकली नाहीत. ज्या गावकऱ्यांना मोठ्या मिनतवारीने राजी केले होते त्यांच्यापुढे पुन्हा उभे राहणे सोपे नव्हते. तरी त्यांनी अप्पासाहेबांच्या प्रयोगांचा अभ्यास केला, स्थानिक जमीन व पाऊस यांना मानवेल असा नमुना सिद्ध केला आणि त्याच गावात वर्षानुवर्षे राहून घरोघर शौचालये करविली. मरणोत्तर पद्मश्री त्यांना २०१७ साली मिळाली. या इतिहासातून घ्यायची गोष्ट ही की, जे काम तडीस गेले ते पावसाळ्यानंतरही गावात राहिलेल्या माणसाच्या हातून गेले.

बोलावणे कुणाचे आणि जागा कुणाची

काम हाती घेताना पहिला प्रश्न स्वतःस विचारावा तो असा, की आपणास बोलावले कुणी? पालिकेने बोलावले असेल तर तिला आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तरतूद खर्ची घालायची घाई असते. एखाद्या सेवाभावी संस्थेने बोलावले असेल तर तिला देणगीदारापुढे अहवाल ठेवायचा असतो. आणि वस्तीतीलच एखाद्या मंडळाने बोलावले असेल, तर त्या मंडळाचे विरोधी मंडळही त्याच गल्लीत असते हे गृहीत धरावे. यांपैकी कोणतीही प्रेरणा निंद्य नाही. परंतु ती ठाऊक नसेल, तर आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हे वस्तीला आपल्या आधी कळते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. मुंबईसारख्या शहरात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची जमीन एकीकडे पालिकेची आणि दुसरीकडे जिल्हाधिकाऱ्यांची, म्हाडाची, रेल्वेची अथवा खाजगी मालकाची असू शकते, आणि ज्या जागेवर रेल्वेची मालकी आहे तेथे पालिकेच्या मंजुरीला रेल्वेच्या ना-हरकत दाखल्यावाचून अर्थ राहत नाही. म्हणून पेन्सिल उचलण्यापूर्वी शहरात सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मिळकत पत्रिका आणि गावात सातबाराचा उतारा काढून पाहावा, तसेच १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्यान्वये ती वस्ती घोषित आहे किंवा नाही याचा तपास करावा. कारण घोषित व अघोषित या शिक्क्यांवर पाणी, गटार व वीज मिळण्याची शक्यता अवलंबून असते. हे काम रुक्ष आहे खरे, परंतु वस्तीतल्या चार जाणत्या माणसांना बरोबर घेऊन ते केले, तर कचेरीच्या बाकावर काढलेल्या दुपारी त्यांचा-आपला जो परिचय होतो तो कोणत्याही औपचारिक सभेत होत नाही.

गणती वस्तीने करावी

यानंतर गणती. ती बाहेरच्या पाहणीदारांकडून करवून घेतली की तिच्यात दोन दोष उतरतात: भाडेकरू, परगावी कामाला गेलेली कुटुंबे आणि पदपथावर झोपणारी माणसे गळतात, आणि जी नोंद होते तिच्यावर वस्तीचा विश्वास बसत नाही. १९८५ साली, म्हणजे ज्या वर्षी पदपथावरील रहिवाशांच्या हटविण्यासंबंधी ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला त्याच वर्षी, मुंबईत ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांची गणती केली, आणि ज्यांना शहराच्या कोणत्याही दप्तरात स्थान नव्हते अशा हजारो कुटुंबांची माहिती प्रथमच कागदावर आली. पुढे जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि पदपथावरील व झोपडपट्टीतील स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना यांनी, वस्तीची गणती वस्तीनेच करण्याची रीत देशभर नेली.

या रीतीत रचनाकाराचे काम दुय्यम परंतु आवश्यक असते. घरांवर खडूने अनुक्रमांक घालणे, गल्लीचा कच्चा नकाशा एका मोठ्या कागदावर उतरविणे, नळ, दिव्याचे खांब, कचराकुंडी व गटाराचे तोंड यांच्या खुणा करणे, ही कामे वस्तीतील मुले व स्त्रिया करतात. आपण त्यांना प्रमाण सांभाळण्यास आणि नोंदी एकसारख्या ठेवण्यास साह्य करावे. तयार झालेला नकाशा आठ दिवस एखाद्या ओट्यावर किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर लावून ठेवावा आणि प्रत्येकाने आपले घर त्यावर शोधावे. “आमचे घर राहिले” म्हणून जो भांडत येईल त्याचे स्वागत करावे. गणतीची खरी तपासणी तोच करीत असतो. त्या कागदाची एक प्रत वस्तीतच राहिली पाहिजे, ही अट कराराच्या मसुद्यात आरंभीच लिहावी.

पाहावे कसे आणि विचारावे काय

वस्तीला सकाळी अकरा वाजता भेट देऊन, चार छायाचित्रे घेऊन परतणाऱ्याला तेथील काहीच दिसत नाही, कारण त्या वेळी कामकरी माणूस कामावर असतो आणि शौचालय रिकामे असते. पहाटे पाचला जावे, रात्री दहानंतर जावे, पाणी सुटण्याच्या वेळी जावे, आणि भर पावसात अवश्य जावे. बोलण्यापेक्षा पाहण्यात अधिक वेळ घालवावा आणि दृष्टी अगदी क्षुल्लक हालचालींवर ठेवावी.

पहाटेच्या रांगेत काय दिसते ते पाहा. एका हातात पाण्याने भरलेली बादली आणि दातांत पदराचे टोक अशी एक स्त्री आत शिरते. दार आतल्या बाजूस उघडणारे असल्यामुळे ते लावून घेण्यासाठी तिला बादली भांड्यापलीकडे ढकलावी लागते आणि स्वतः मागच्या ओल्या, मळकट भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, तेव्हा कुठे दाराची फळी तिच्या गुडघ्यांसमोरून फिरते. पलीकडे सात-आठ वर्षांचा मुलगा दोनदा रांगेच्या तोंडाशी पोचतो आणि दोन्ही वेळा कामावर जाण्याच्या घाईतला एखादा मोठा माणूस त्याला मागे सारतो. अखेर तो शौचालयाच्याच भिंतीलगत गटाराच्या काठी बसतो, आणि तेथे त्याच्याआधी बसून गेलेल्यांच्या खुणा दिसतात. आतल्या अंधाराची आणि मोठ्या भोकात पाय घसरण्याची भीती त्याला असते ती वेगळीच.

महिला मिलनच्या स्त्रियांनी पुण्या-मुंबईत सार्वजनिक शौचालये उभारली तेव्हा केलेले बदल नेमके अशा निरीक्षणांतून आले. दोन्ही बाजूंना उघडणारे दार लावले, म्हणजे बादलीसह आत-बाहेर करणे सोपे होते. मुलांसाठी लहान भोकाच्या, धरायला दांडी असलेल्या वेगळ्या सीट ठेवल्या. स्त्री-पुरुषांची प्रवेशद्वारे व रांगा वेगळ्या केल्या आणि मध्ये आडोसा घातला. पाण्याची पुरेशी टाकी बांधली. आणि देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबाला राहण्यासाठी खोली दिली. यांतली कोणतीही सुधारणा तंत्रदृष्ट्या कठीण नाही. ती ठरावीक नमुन्यात नव्हती याचे कारण इतकेच, की नमुना आखणाऱ्यांत बादली घेऊन रांगेत उभे राहणारे कुणी नव्हते.

विचारण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. “तुम्हांला काय हवे?” असा प्रश्न टाकला की समोरचा मनुष्य आपल्याला आवडेल ते, किंवा मिळण्याची शक्यता वाटते ते सांगतो. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचाराव्यात: गेल्या आठवड्यात रात्री मुलाचे पोट बिघडले तेव्हा कुठे गेलात? नळ आला नाही त्या दिवशी काय केलेत? जुने शौचालय बंद पडले तेव्हा पहिल्यांदा काय मोडले आणि ते दुरुस्त करायला कोण गेले? अशा प्रश्नांना इच्छेचे उत्तर देता येत नाही. हकीकतच सांगावी लागते, आणि हकीकतीत रचनेला लागणारा तपशील असतो.

स्त्रियांशी स्त्रियांनी, वेगळे आणि त्यांच्या सवडीने बोलावे. खुर्च्या मांडून, ध्वनिक्षेपक लावून भरविलेल्या सभेत पहिल्या रांगेत पुढारी बसतात, आणि पाळीच्या दिवसांतले कपडे धुवायचे कुठे, टाकायचे कुठे, हा विषय तेथे निघत नाही; दुपारी दोननंतर, भांडी घासून झाल्यावर, एखाद्या उंबऱ्याशी बसले की तो निघतो. म्हातारी माणसे, अपंग, रात्रपाळीचे कामगार, भाडेकरू आणि वस्तीच्या कडेला राहणारी, बहुतेकदा इतरांहून खालच्या गणलेल्या जातीची कुटुंबे, यांच्यापाशी मुद्दाम जावे. ती आपणहून आपल्यापर्यंत येत नाहीत.

खडूचा नकाशा

कागदावरील आराखडा वाचणे ही शिकून घेतलेली विद्या आहे आणि ती नसलेल्या माणसापुढे निळ्या रेघांचे पत्रक पसरून त्याची संमती घेणे ही एक प्रकारची फसवणूकच होय. जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने खऱ्या मापाचा आराखडा काढावा, बांबू आणि जुन्या चादरी लावून भिंती उभ्या कराव्यात, विटा रचून सीटची जागा दाखवावी, आणि लोकांना तेथे वावरू द्यावे. गरोदर बाई आत वळू शकते काय, म्हातारीला उठताना धरायला काही आहे काय, रांग वाढली की ती शेजारच्या दारात जाते काय, हे तेथेच एका तासात कळते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या स्त्रियांनी अशाच रीतीने आपल्या कल्पनेतल्या घराचे पूर्णाकृती नमुने उभे करून त्यांचे प्रदर्शन मांडले. खोलीला चौदा फूट उंची असावी, म्हणजे पोटमाळा घालून तेवढ्याच जागेत कुटुंबाला पुरेसे घर होईल, ही त्यांची कल्पना होती. ज्यांनी आयुष्यभर हातभर जागेत संसार केला, त्यांनी लांबी-रुंदी वाढवून मागण्याऐवजी उंची मागितली. जागेच्या काटकसरीचे हे ज्ञान अनुभवातून आलेले होते आणि त्याला आकार मिळण्यासाठी प्रत्यक्ष मापाचा नमुनाच उभा करावा लागला. पुढे शौचालये पुरी होत तेव्हा त्यांचे उद्‍घाटन म्हणून ‘संडास मेळा’ भरे, पाहुणे म्हणून अधिकारी येत, आणि ज्या वस्तूचे नाव काढायला लोक संकोचत तिच्यापुढे उभे राहून वस्तीतल्या स्त्रिया तिची बांधणी त्यांना समजावून सांगत.

जमाखर्च नकाशाच्या शेजारी

आता पैशाचा विचार. सार्वजनिक शौचालयाचा बांधकामखर्च एकदा होतो. पाणी, वीज, झाडू, फिनेल, नळाची तोटी, टाकीचा उपसा आणि सफाई करणाऱ्याचे वेतन हे खर्च दरमहा उभे राहतात. म्हणून प्रत्येक आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात मासिक जमाखर्चाचा तक्ता काढण्याची सवय लावून घ्यावी, आणि नकाशातला प्रत्येक फेरफार त्या तक्त्यात काय फरक पाडतो ते लोकांपुढे मांडावे.

दर ठरविण्यात किती अंतर पडते त्याचा एक दाखला पुरे. प्रत्येक वापराला एक रुपया असा दर धरला, तर पाच माणसांच्या कुटुंबाला रोज एकदा जायलाही महिना दीडशे रुपये पडतात आणि मुलांना गटारावर बसविण्यात बचत दिसू लागते. महिला मिलनने चालविलेल्या शौचालयांत त्याऐवजी कुटुंबाला महिना वीस रुपयांचा पास ठेवण्यात आला. पैसे देणाऱ्याची ओळख राहिली, मुलांचा वेगळा खर्च उरला नाही, आणि येणारी रक्कम आधी कळत असल्याने देखभाल करणाऱ्याचे वेतन ठरविणे शक्य झाले. देखभाल करणाऱ्यासाठी खोली का ठेवली हेही या हिशेबातून उलगडते. शहरात ज्याला निवारा मिळाला तो मनुष्य कमी रोख वेतनावरही टिकतो, आणि रात्री शौचालयाला राखण मिळते.

याच तक्त्याजवळ जबाबदारीचा कागद असावा. किल्ली कुणापाशी, पावतीपुस्तक कुणापाशी, महिन्याचा हिशेब कोणत्या तारखेला आणि कुठे वाचून दाखविणार, नळ गळू लागला तर किती रकमेपर्यंत समितीने स्वतः खर्च करावा आणि त्यापुढे कोणाला कळवावे, हे सारे सोप्या मराठीत व वस्तीत बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांत, एका पानात मावेल असे लिहावे. सफाईचे काम कोण करणार या ओळीशी विशेष थांबावे. आपल्याकडे ही ओळ रिकामी ठेवली की ती आपोआप एकाच जातीच्या माणसांनी भरली जाते. हाताने मैला साफ करविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा टाकीचा उपसा यंत्राने करता येईल अशी झाकणे, गाडी टाकीजवळ पोचेल असा रस्ता, आणि सफाई करणाऱ्याला हातमोजे, बूट व पाणी ठेवायची जागा, या गोष्टी नकाशातच असल्या पाहिजेत.

कचेरीशी व्यवहार

रचनाकार पालिकेविषयी बहुधा तुच्छतेने बोलतो, आणि अभियंता रचनाकाराला हौशी समजतो. दोघांचेही यात नुकसान आहे. पालिकेच्या दप्तरात अंदाजपत्रक, दरसूची, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश असा क्रम ठरलेला असतो, आणि आपल्या नमुन्यातली वस्तू दरसूचीत नसेल तर ती, कितीही उपयुक्त असली तरी, निविदेत उतरत नाही. दोन्ही बाजूंना उघडणारे दार दरसूचीत कोणत्या सदराखाली बसते हे कनिष्ठ अभियंत्याच्या शेजारी बसूनच शिकावे लागते. तो शिकवितोही, त्याच्या अडचणी कुणी विचारीत नाही हेच त्याचे दुःख असते.

१९९९ साली पुण्याच्या महापालिकेने, आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कारकिर्दीत, झोपडपट्ट्यांतील शौचालयांच्या बाबतीत जुनी चाकोरी बदलली. पूर्वी मक्तेदार बांधून मोकळा होई आणि देखभाल कुणाचीच नसे. आता बांधणे आणि पुढे चालविणे अशी दोन्ही कामे एकाच सेवाभावी संस्थेकडे देण्यासाठी निविदा मागविल्या, भांडवली खर्च पालिकेने सोसला, आणि दर आठवड्याला संबंधित अधिकारी व संस्था यांच्या बैठका घेऊन अडलेली प्रकरणे तेथल्या तेथे निकालात काढली. दोनेक वर्षांत चारशेहून अधिक शौचालये, म्हणजे दहा हजारांहून अधिक सीट, उभ्या राहिल्या. येथे नवीन रचना झाली ती निविदेच्या अटींत. दारे आणि खिडक्या त्यानंतर सुधारल्या. सेवा सुधारू पाहणाऱ्याने म्हणून अर्ज, करारनामे, पावत्या आणि बैठकीची वेळ यांनाही रचनेचेच साहित्य मानावे.

परंतु अधिकाऱ्याच्या सद्भावावर विसंबून राहू नये, कारण चांगल्या अधिकाऱ्याची बदली होणारच असते. जे तोंडी ठरले ते परिपत्रकात किंवा कार्यादेशात उतरवून घ्यावे, आणि त्याची प्रत वस्तीच्या समितीजवळ द्यावी. पुढचा अधिकारी आला की तीच प्रत त्याच्या टेबलावर ठेवता येते.

जेथे इमारत हा प्रश्नाचा लहान भाग असतो

आरोग्याच्या क्षेत्रात हाच विचार कसा लागू पडतो त्यासाठी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. रुग्णालय कसे असावे हे त्यांनी गोंड लोकांना विचारले तेव्हा कळले की, मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटते, नातलगांना बाहेर ठेवतात ते त्यांना रुचत नाही, आणि प्रेताला गुंडाळतात तसल्या पांढऱ्या वस्त्रांतली माणसे जीव वाचवितील यावर त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतले रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे, सुट्या झोपड्यांचे आणि नातलगांना बरोबर राहता येईल असे झाले, आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले.

त्याहूनही शिकण्याजोगे आहे ते बालकांतील न्यूमोनिया ओळखण्याचे तेथील साधन. मिनिटाला श्वास किती हे मोजले तर रोग ओळखता येतो, पण निरक्षर दाईला मोठे आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे साधे यंत्र केले: दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याशी पोचले तर ते लक्षण धोक्याचे. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद, म्हणून त्याच्यासाठी मण्यांची ओळ वेगळी. दाईला जे येते, म्हणजे दहापर्यंत मोजणे, त्यावरच सारे उभारले आणि जे येत नाही ते साधनाने आपल्या अंगावर घेतले. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्या गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी सुमारे ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. पुढे ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात या पद्धतीचा समावेश देशभर झाला. ज्याला सेवेची रचना करायची आहे त्याने आपल्या शेवटच्या टोकावरच्या कार्यकर्त्याला काय येते याची यादी करूनच आरंभ करावा, हा यातला धडा.

काही मर्यादा, काही पथ्ये

वस्ती एकजीव असते अशी कल्पना करून घेऊ नये. घरमालक व भाडेकरू, जुने व नवे, या जातीचे व त्या जातीचे, नगरसेवकाचे व त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे, असे भेद तेथे असतात आणि शौचालय कोणाच्या दाराशी यावे हा प्रश्न निघताच ते उघड होतात. अशा वेळी रचनाकाराने निवाडा करू नये. तीन-चार पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि प्रत्येकामुळे कोणाला किती त्रास पोचतो हे स्पष्टपणे मांडावे आणि निर्णय लोकांवर सोडावा. मात्र एखादा निर्णय दुबळ्यांना वगळणारा असेल, तर तो मान्य नसल्याचे उघडपणे सांगण्याचे धैर्य असावे. लोकांचे ऐकणे याचा अर्थ त्यांतल्या बलवानांचे ऐकणे असा होऊ देऊ नये.

लोकांचा वेळ फुकट समजू नये. रोजंदारीवरच्या बाईला दुपारभर बसवून घेतले तर तिची मजुरी बुडते. ती देण्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी. विचारल्याशिवाय कुणाचे, आणि विशेषतः मुलांचे, छायाचित्र घेऊ नये. प्रदर्शनात, पारितोषिकाच्या अर्जात किंवा लेखात आपले नाव झळकते तेव्हा वस्तीच्या समितीचे नावही तेवढ्याच अक्षरांत असावे. आणि जे आपल्या हाती नाही त्याचे आश्वासन देऊ नये. पाण्याची जोडणी पालिकेने मंजूर केलेली नसताना नकाशात निळ्या रंगाने काढलेला नळ हेही आश्वासनच असते.

पावसाळ्यानंतरची भेट

शेवटची सूचना मानधनासंबंधी आहे आणि ती अनेकांना गैरसोयीची वाटेल. रचनाकाराने आपल्या मानधनाचा शेवटचा हप्ता, करारातच तसे लिहून, काम सुरू झाल्यावर एक पावसाळा आणि समितीच्या पदाधिकाऱ्यांची एक निवड पार पडेपर्यंत मागे ठेवावा. त्यानंतर पूर्वसूचना न देता पहाटे जावे आणि पाच गोष्टी तपासाव्यात: दिवा लागतो काय, टाकीत पाणी आहे काय, मुलांच्या सीट वापरात आहेत की त्यांत झाडू-बादल्या ठेवल्या आहेत, हिशेबाच्या वहीत गेल्या महिन्याचे पान भरले आहे काय, आणि सफाई करणाऱ्या माणसाला वेतन मिळाले आहे काय. यांतले जे बिघडले असेल त्यासाठी भिंत, दर, नियम किंवा वेळ यांपैकी काय बदलायचे हे समितीबरोबर बसून ठरवावे, तो बदल करून घ्यावा, नकाशाच्या प्रतीवर त्याची तारीखवार नोंद करावी, आणि मगच पावती फाडून उरलेला हप्ता घ्यावा.